खोपीचं दार उत्तरेला

केरी, पेडणे
२ मे २०२४

प्रिय सुदेश,

हा चौथा कागद. आधीचे तीन फाडले. अठ्ठावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात 'वरील विषयास अनुसरून' लिहीत आलो, आता पेन उचललं की हात आपोआप तेच लिहितो. तुरुंगातल्या मित्राला पत्र कसं लिहावं ह्याचा नमुना आमच्या एकाही फायलीत नाही.

सुविधा वहिनी म्हणाली की तुमची पत्रं तिथले साहेब आधी उघडून वाचतात आणि मग शिक्का मारून तुम्हाला देतात. म्हणून केसबद्दल काही लिहीत नाही. गावचं लिहितो, ते कोणी वाचलं तरी चालेल.

काजू यंदा कमी आला. डोंगरावर बिल्डरची ती जळालेली पोकलेन होती, ती उचलून नेली आणि तिच्या जागी दोन नव्या आणल्या. डोंगर कापण्याविरुद्धच्या धरण्याचा मंडप उतरवला. तुझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायची ती मांद्र्याची म्हातारी परदेशी बाई आठवते ना? वीस वर्षं राहत होती, पण तिलाही नोटीस आली आणि आठ दिवसांत घर सोडून गेली. जाताना तिची मांजर पाववाल्या पोदेराच्या बायकोला दिली. डोंगराखालची झर मात्र अजून वाहते आहे. पाणी थोडं तांबडं आहे, पण आहे.

तू पोकलेन जाळलीस हे गावात कोणालाही खरं वाटत नाही. भिऊन कोणी बोलत नाही ही गोष्ट वेगळी.

त्या दिवसाचं बाहेर काय झालं ते तुला माहीत नसेल म्हणून लिहितो. अकरा फेब्रुवारीला पोदेराचा भोंगा ऐकून तू पिशवी घेऊन रस्त्यावर गेलास आणि परत आलाच नाहीस. पोदेरानेच येऊन सांगितलं की जीपमधून नेला, पाव पिशवीतच राहिले. मग मी आणि वहिनी दोन दिवस ठाण्यांच्या पायऱ्या झिजवत होतो. जाऊ तिथे एकच उत्तर, "हांगा ना, थंय पळयात," आणि पुढच्या ठाण्याकडे बोट. दुसऱ्या दिवशी एका शिपायाने वहिनीला बसायला कदेल दिलं, तेवढीच माणुसकी. तिसऱ्या दिवशी कळलं की तुला त्याच सकाळी अटक झाल्याचं दाखवलं आहे. म्हणजे आधीचे दोन दिवस तू कुठेच नव्हतास.

त्या तिसऱ्या दिवशी मला शाळेत काम होतं, म्हणून वहिनीबरोबर जाऊ शकलो नाही.

पावसाआधी तुझी खोप शाकारून घेईन. लाकडं कोरडीच राहतील, काळजी नको. दार उत्तरेला ठेव म्हणून मी तुझ्याशी भांडलो होतो, आठवतं? दक्षिणेला ठेवलं असतंस तर दर पावसात चूल रडली असती.

आता चार्जशीट येईल. त्यात लोक काहीही लिहितात. सगळं मनावर घेऊ नकोस.

तुझा,
कृष्णनाथ

---

केरी
२० जून २०२४

सुदेश,

चार्जशीटची प्रत तुला मिळाली असं वहिनीकडून कळलं. म्हणजे पंचांची नावं तू वाचलीस. पंच क्रमांक एक मी. क्रमांक दोन गणपत, तो बेळगावकडचा गवंडी, मांद्र्याला साईटवर असतो.

मागच्या पत्रात मी ताकाला गेलो आणि भांडं लपवलं. तिसऱ्या दिवशी मला शाळेत काम होतं हे खोटं. शाळेत होतो हे खरं, पण साडेदहाला फोन आला आणि मी ठाण्यावर गेलो. सरकारी माणूस पंच म्हणून लागतो, दोन मिनिटांचं काम आहे, असं म्हणाले. हेडमास्तरांनी रजाही मांडली नाही.

आत गेलो तर गणपत भिंतीला टेकून बसला होता. त्याला नाक्यावरून आणलं होतं. इन्स्पेक्टरने मला चहा दिला. घरची चौकशी केली. सेजल काय करते, विचारलं. मी मूर्खासारखं कौतुकाने सांगितलं की तिची सिलेक्शन लिस्ट लागली, आता ऑर्डर यायची. त्यावर तो हसून म्हणाला, "बरें जालें मरे सर. पोलीस व्हेरिफिकेशन आमचेकडेनच येतलें मू?"

एवढंच बोलला. धमकी म्हणावी तर त्यात धमकी नाही. तक्रार लिहायला बसलो तर काय लिहू? 'चहा दिला आणि मुलीची चौकशी केली'?

मग टेबलावर चार कागद ठेवले. इंग्रजीत टाईप केलेले. मी सही केली. गणपतनेही केली. ठाण्यातच. आम्ही तुझ्या घरी गेलो नाही, तुला पाहिलंही नाही. तू आमच्यासमोर 'पेट्रोलचा कॅन कुठे लपवला ते दाखवतो' म्हणालास, आम्हाला घरामागे नेलंस आणि खोपीतून तो कॅन काढून दिलास असं त्यात लिहिलं होतं, हे मला मागाहून कळलं.

सही न वाचता केली, सुदेश. हे तुला सांगायचं होतं. मला लाज वाटते, कारण गावात लोक काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. 'किस्नानाथ वाचल्याबिगर चायच्या बिलार पण सही करचो नाय.' गॅसचा फॉर्म असो नाहीतर बँकेचा, जो येतो त्याला मी बजावतो, आधी वाच, मग सही. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा हात थरथरत होता, अक्षरं दिसत नव्हती. माणूस भितो तेव्हा त्याचं शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर राहतं.

घरी भाग्यलक्ष्मीलाही मी हेच सांगितलं. ती नुसती सेजलच्या खोलीकडे बघत राहिली.

पत्र साहेब वाचतील, हे लिहिताना आठवलं. तरी पाठवतो. 'न वाचता सही केली' एवढ्याने कोणाचं काय बिघडणार?

कृष्णनाथ

---

केरी
२९ सप्टेंबर २०२४

सुदेश,

तुझं कार्ड आलं. एवढ्या महिन्यांत पहिलंच. दोन ओळी. 'झर आटली का ते कळव. आणि सही वाचून केलीस की न वाचता, तेही एकदा नीट कळव.'

झर आटलेली नाही. गणपतीत तिचं पाणी आणून कळशी भरली. तांबडं पाणी देवाला चालतं का म्हणून भाग्यलक्ष्मी कुरकुरली, तरी भरली.

दुसरं मी मागच्या पत्रातच लिहिलं होतं. 'नीट' म्हणजे काय ते मला कळलं नाही.

तुझा जामीन दुसऱ्यांदा नाकारला हे वाईट झालं. चतुर्थीला तू घरी असशील अशी सगळ्यांची समजूत होती. तुझ्या घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधली ती वहिनीने एकटीने. मी सकाळी नेवऱ्यांचं ताट घेऊन गेलो. चाळीस वर्षं दोन्ही घरांतली ताटं ये-जा करतात, त्यात खंड पडू नये म्हणून. वहिनी दारात आली. तिने ताट घेतलं, वरचा कपडा काढून बघितलं, परत झाकलं आणि माझ्या हातात दिलं. "आमच्याकडे आसात," म्हणाली. पूर्वी ती मला 'दादा' म्हणत असे. त्या दिवशी काहीच म्हणाली नाही. मी ताट घेऊन घरी आलो आणि भाग्यलक्ष्मीला सांगितलं की त्यांच्याकडे खूप झाल्या आहेत.

पण मी लगेच निघालो नव्हतो. पायरीवर उभा राहिलो, तेव्हा तुझा वकील सर्वेश आत बसला होता. तरुण पोर आहे, पण बोलतो नेटकं. त्याने मला ओळखलं नसावं, नाहीतर बोलला नसता. वहिनीला समजावत होता की असले पंचनामे ठाण्यात बसूनच लिहितात, म्हणून जागेच्या वर्णनात कुठेतरी चूक सापडतेच. झाड चुकतं, दिशा चुकते, आणि तिथेच ते फाटतात. तुझ्या पंचनाम्यात मात्र एकही चूक नाही. घरामागे खोप, खोपीचं दार उत्तरेला, आत डाव्या हाताला नारळाच्या सोडणांचा ढीग. जामीन नाकारताना जजसाहेबांनी तेच बोट ठेवलं, की प्रत्यक्ष गेल्याशिवाय एवढा बारकावा येणार नाही. सर्वेश म्हणाला, "एक चूक असती ना वहिनी, तर मी त्यांना बाहेर काढलं असतं."

हे ऐकून मी घरी आलो.

आणखी काय लिहू? सेजलची ऑर्डर आली. डिचोलीच्या ऑफिसात पोस्टिंग आहे. कारापूरला माझ्या बहिणीकडे राहून जाऊन-येऊन करील. पेढे वाटायचे होते, पण वाटले नाहीत.

कृष्णनाथ

---

केरी
८ मार्च २०२५

सुदेश,

समन्स आलं. पंचवीस तारखेला माझी साक्ष.

खाई त्याला खवखवे म्हणतात. गेले पंधरा दिवस जेवण जात नाही. भाग्यलक्ष्मी म्हणाली, देवीला विचार, मोकळा हो. म्हणून काल देवळात गेलो आणि पाकळ्या लावून घेतल्या. तू असल्या गोष्टींना हसतोस हे माहीत आहे. पण झर वाचवायची की नाही हे विचारायला तूच मला घेऊन गेला होतास आणि उजवा कौल पडल्यावर सगळ्यात मोठ्याने 'व्हय म्हाराजा' तूच ओरडला होतास.

सदाशिव गुरव आता वाकला आहे, पण गाऱ्हाणं घालताना आवाज तसाच लागतो. त्याने फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या अंगावर चिकटवल्या आणि मला विचारलं, "काय सांगू? तुज्या तोंडान सांग."

मी सांगितलं, "मी न वाचता सही केली. माणसाकडून नकळत चूक होता. त्याच कागदार कोर्टात उबो रवलो तर माका दोष लागता काय? लागत नसात तर उजवो दी."

त्याने मग गाऱ्हाणं घातलं, "बा माये म्हाराजा, तुज्या ह्या लेकरान नकळत सही केली आसा..." आणि आम्ही बघत बसलो. अर्धा तास पाकळी हलली नाही. मग उजवीकडची पडली. अगदी स्वच्छ.

मला हलकं वाटायला हवं होतं. प्रसाद घेऊन पायऱ्या उतरताना सदाशिव मागून म्हणाला, "किस्नानाथ, देवी इचारल्या तितक्याच सांगता हां. न इचारल्याचा तिच्या माथ्यार घालू नको."

म्हाताऱ्याला काय माहीत असणार? काही माहीत नाही. बोलायची सवय आहे त्याला. तरी ते वाक्य घरापर्यंत माझ्या मागून चालत आलं.

कृष्णनाथ

---

केरी
२७ मार्च २०२५

सुदेश,

तू तिथेच होतास, आरोपीच्या पिंजऱ्यात. जे घडलं ते तुझ्यासमोर घडलं. मग मी हे का लिहितो आहे? तू माझ्याकडे बघत होतास तेव्हा माझ्या आत काय चाललं होतं ते तुला दिसलं नसेल म्हणून. त्याने तुला काही फरक पडणार नाही. मला पडतो.

मला वाटलं होतं, शपथ घेताना जीभ अडेल. अडली नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्ही आरोपीच्या घरी गेला होता? मी म्हणालो, होय. आरोपीने स्वखुशीने जागा दाखवली? होय. कॅन ओळखता? टेबलावर निळा कॅन ठेवला होता, तो मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. ओळखतो, म्हणालो. शाळेत मुलांची हजेरी घ्यावी तसं, होय, होय, होय.

मग सर्वेश उठला. तो मला घसरवू बघत होता, ते मला कळत होतं. त्याने एकदम विचारलं, "खोपीचं दार कोणत्या दिशेला?"

मी जरा अडखळलो असतो तरी पुरे होतं. 'आठवत नाही' म्हटलं असतं तर तेही खोटं झालं नसतं, साक्षीदार रोज म्हणतात. पण माझ्या तोंडून ताबडतोब निघालं, "उत्तरेला." आणि त्या 'उत्तरेला'त थोडा दिमाख होता, सुदेश. बरोबर उत्तर दिल्याचा. तेव्हा तू मान वर केलीस. तोपर्यंत तू जमिनीकडे बघत होतास. तू माझ्याकडे बघितलंस, रागाने नाही, आपण खोप बांधत होतो तेव्हा वर चढून मी वासा नीट बसला का विचारायचो आणि तू खालून बघायचास ना, तसं. मग पुन्हा मान खाली घातलीस. तुला त्या क्षणी सगळं कळलं, हे मला कळलं.

माझी जबानी टाईप होऊन सही करेपर्यंत मी मागच्या बाकावर बसलो होतो. तेवढ्यात गणपतला बोलावलं. मला वाटलं, हा काय बोलणार? पोटासाठी परमुलखात आलेला माणूस, साईट त्याच बिल्डरच्या भावाची, राहायची खोलीही साईटवर. माझ्याकडे गमवायला जेवढं होतं त्याहून त्याच्याकडे कमी होतं असं मला वाटत होतं. खरं म्हणजे होतं ते सगळंच जाणार होतं त्याचं.

तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मी कुटं बी गेल्तो न्हाई साहेब. ठाण्यातच बशिवलं, चा दिला, सही घेतली. मला इंग्रजी येत न्हाई. हा आरोपी मानूस मी आज पैल्यांदा बगतोय." सरकारी वकील ओरडले, त्यांनी त्याला फितूर ठरवलं, धाकदपटशा केला. तो तेच पुन्हा म्हणाला. जजसाहेबांनी विचारलं, तुला कोणी शिकवलं? "शिकवाय कशाला लागतंय साहेब? गेलो न्हाई तर न्हाई."

त्याच्या पुढे तो आणखी एक वाक्य माझ्याकडे बोट दाखवून बोलला. ते तू ऐकलंस. ते इथे लिहायला हात उठत नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं तो माझ्यावर थुंकेल. तो झाडाखाली तंबाखू मळत होता. मला बघून सरकून जागा दिली आणि म्हणाला, "बसा सायेब, ऊन हाय." मी बसलो नाही.

आज कळलं, त्याला खोली सोडायला लावली. बायको सोनाबाईला घेऊन तो गावाला परत गेला.

कृष्णनाथ

---

केरी
१३ एप्रिल २०२५

सुदेश,

काल शनिवारी सेजल आली. तीन आठवडे आली नव्हती. कोर्टातलं गणपतचं बोलणं फिरत फिरत कारापूरपर्यंत गेलं आणि तिच्या ऑफिसात कोणीतरी तिलाच विचारलं. ती चप्पल न काढता उघड्या जनेलाशी उभी राहून म्हणाली, "पपा, गणपत सांगता ता खरा?" मी सांगायला लागलो की तुझ्या ऑर्डरसाठी, तुझ्या व्हेरिफिकेशनसाठी... तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "तुमी माका इचारललात? माजी ऑर्डर तुमी सुदेशकाकाच्या खोपीत लिपवन ठेवलात आणि आता माज्याच नावार घालतात. माजा नाव घेव नकात. तुमी काय केलात तेवडाच सांगा."

भाग्यलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्यासमोर आणि मुलीसमोर मी सांगितलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तोंडाने. आता तुला लिहितो.

गणपतचं ते वाक्य असं होतं: "ह्या सायबांनी सगळं वाचलं, आन त्यातली चूक बी दावली."

तेच खरं आहे. हात थरथरत होता, अक्षरं दिसत नव्हती, हे सगळं मी मागाहून रचलं. तुझ्यासाठी, भाग्यलक्ष्मीसाठी, देवीसाठीसुद्धा. म्हणूनच सदाशिवच्या त्या वाक्याची मला भीती वाटली.

सकाळीच सर्वेशच्या घरी गेलो आणि त्याला सांगितलं. त्याने कागद पुढे ओढला. मी पुन्हा साक्ष द्यायला तयार आहे असं प्रतिज्ञापत्र तो कोर्टात देणार आहे. खोट्या साक्षीचा खटला माझ्यावर होईल, नोकरी जाईल, पेन्शनचं काय ते देव जाणे. कोर्ट मला परत बोलावेल की नाही ह्याची खात्री नाही. मी फितूर झालो, दबावाखाली आलो असं म्हणून ते बाजूलाही सारतील, असं तो म्हणाला. एकदा बोललेलं खोटं खरं करायला एक 'होय' पुरतं, ते उलटवायला किती लागतील कोण जाणे. आणि तोपर्यंत तू आतच. हे सगळं सांगून तो म्हणाला, "आणि सुदेशबाबांना पत्रात ह्यातलं काही लिहू नका. तिथले साहेब वाचतात."

तेच तर मला हवं आहे. वर्षभर मी ह्याच कारणाने तुला आडून आडून लिहीत आलो. आता ह्याच कारणाने सरळ लिहितो. तुझ्याआधी साहेबांनी वाचावं, तारखेचा शिक्का मारावा, हवी तर नक्कल काढून जिथे पाठवायची तिथे पाठवावी. उद्या मला कोणी चहा दिला आणि मी पुन्हा भ्यालो, तर माझ्या अक्षरातला हा कागद त्यांच्या दप्तरी असेल.

मला एकच प्रकारचं लेखन येतं, म्हणून त्याच नमुन्यात लिहितो.

पंचनामा.

आम्ही खाली सही करणार पंच, नाव कृष्णनाथ, वय ५४, धंदा नोकरी, राहणार केरी, लिहून देतो की, दिनांक १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सकाळी अकराच्या सुमारास आम्हाला ठाण्यात बोलावण्यात आले. समोर चार टाईप केलेले कागद ठेवण्यात आले. पंच क्रमांक दोन गणपत याने 'काय लिवलंय सायेब?' असे विचारले असता आम्ही त्यास उत्तर दिले नाही. आम्ही चष्मा लावला व चारही कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. त्यात लिहिलेले काहीही घडलेले नाही हे आम्हास वाचताना पूर्णपणे समजले. आरोपी सुदेश हा आमचा बालपणापासूनचा मित्र असून तो दोन दिवस बेपत्ता होता व आम्ही स्वतः त्यास शोधत होतो, हेही आम्हास त्या वेळी आठवत होते.

दुसऱ्या कागदावर 'घरामागील विहिरीजवळील खोप, दार दक्षिणेस' असे टाईप केलेले होते. ते चूक होते. विहीर घरापुढे आहे. दार उत्तरेस आहे. ही चूक तशीच राहिली असती तर तो कागद कोर्टात टिकला नसता. आम्ही खिशातले पेन काढले व चूक इन्स्पेक्टरना दाखवली. आम्हास कोणीही तसे करण्यास सांगितले नव्हते. कोणीही धमकावले नव्हते. मुलीच्या नोकरीचा विषय सही करण्यास कारण झाला असेल, परंतु चूक दुरुस्त करण्यास नाही. चुकीच्या कागदावर सही करवत नाही, एवढेच कारण. इन्स्पेक्टर म्हणाले, 'बरें केलें सर, तुमी वाचलें तें.' पान नव्याने टाईप करण्यात आले. सोडणांचा ढीग डाव्या हातास असतो, हेही आम्हीच सांगितले.

घरातून निघताना सही करायची असे आम्ही ठरवले नव्हते. दुरुस्त केलेले पान पुन्हा वाचले, त्यात आता एकही चूक नव्हती, आणि सही करताना आम्हास क्षणभर बरे वाटले.

हा पंचनामा आम्ही कोणाच्याही दडपणाशिवाय, शुद्धीवर असताना, आमच्या घरी, दिवसाढवळ्या लिहिला आहे. लिहिताना पत्नी व मुलगी समोर बसून आहेत.

सुदेश, तुझ्या कार्डाचं उत्तर सात महिने राहिलं. सही वाचून केली.

वरील सर्व वाचून पाहिले. बरोबर आहे.

(सही)
कृष्णनाथ